एमपीसी८६० बोर्ड: इथरनेट चालू केलं की आयटूसी बंद पडतं, आणि डीबगिंगला नक्की काय वापरावं?

खटपट्या

मंडळी, एक जुना कम्युनिकेशन बोर्ड सांभाळायचं काम माझ्याकडे आलंय. प्रोसेसर एमपीसी८६०, म्हणजे पॉवरपीसी कोअर आणि त्याच चिपमधे वेगळा सीपीएम (कम्युनिकेशनची कामं सांभाळणारा भाग). बोर्डवर एससीसी१ (सीपीएमच्या चार मुख्य सिरियल चॅनलपैकी पहिला) वर १० एमबीपीएस इथरनेट आहे, एससीसी२ वर एचडीएलसी हा सिरियल प्रोटोकॉल (टाइम स्लॉट असाइनर मधून ई१, म्हणजे टेलिफोनच्या डिजिटल लाइनच्या काही स्लॉटवर जातं), एसएमसी१ (साधा, छोटा सिरियल चॅनल) वर सिरियल कन्सोल. हे सगळं वर्षानुवर्षं चालतंय आणि त्याला कोणी हात लावलेला नाही. फर्मवेअर घरचंच आहे, लिनक्स नाही, छोटा शेड्युलर आणि हाताने लिहिलेले ड्रायव्हर.

आता बोर्डच्या नव्या आवृत्तीत आयटूसी (दोन तारांची बस) वर एक तापमान सेन्सर टाकलाय आणि तो वाचायचा आहे. मॅन्युअल बघून ड्रायव्हर लिहिला, एकटा चालवला तर मस्त चालतो, तासन्‌तास रीडिंग बरोबर येतं. पण इथरनेट इनिशियलाइज केलं की पुढच्याच वाचनाला टाइमआउट. स्कोप लावून बघितलं तर एससीएल (आयटूसीची क्लॉक लाइन) वर क्लॉकच येत नाही, लाइन नुसती वर राहते. आधी वाटलं सीपीएम वर लोड जास्त होतोय, कारण आयटूसीची प्रायॉरिटी खूप खाली असते, म्हणून इथरनेटची केबल काढून बघितलं. तरी तेच! म्हणजे एकही फ्रेम येत जात नाही आणि तरी आयटूसी मेलेलं.

दुसरा प्रश्न असा की डीबगिंग सध्या कन्सोलवर प्रिंट टाकून चाललंय, बोर्डवर १० पिनांचं बीडीएम (चिपचं डीबग पोर्ट) हेडर आहे पण त्याला लावायला काही नाही. काय घ्यावं? एआरएम साठीचे जेटॅग अडॅप्टर पडलेत, ते चालतील का?

---

बिटबाई

केबल काढून बघितलीत हे फार छान केलंत, त्यामुळे लोडचा प्रश्न निकालातच निघाला. माझा संशय पॅरामीटर रॅमवर आहे, म्हणजे सीपीएम प्रत्येक चॅनलची माहिती ठेवतो त्या मेमरीवर. ड्रायव्हरमधे आयटूसीचा पॅरामीटर एरिया कुठल्या पत्त्यावर धरलाय ते सांगा आणि मायक्रोकोड पॅच (सीपीएमच्या आतल्या प्रोग्रॅममधला बदल) वगैरे काही लोड करताय का तेही सांगा.

---

जुनाजाणता

बिटबाई बरोबर दिशेने निघाल्यात, त्यावर त्याच लिहितील, मी दुसऱ्या प्रश्नाचं बघतो.

एआरएमचे अडॅप्टर चालणार नाहीत. ८६० च्या डीबग पोर्टच्या पिना जेटॅगच्या पिनांवरच मल्टिप्लेक्स केलेल्या असतात म्हणून अनेकांना वाटतं की चालेल, पण बीडीएमचा प्रोटोकॉल वेगळा आहे. या चिपला रुळलेली साधनं म्हणजे अबाट्रॉनचं बीडीआय२००० (इथरनेटवरून जोडायचं, त्यात जीडीबी या डीबगरचा सर्व्हर असतो, शिवाय टेलनेटने आत जाऊन मेमरी बघता येते), लाउटरबाखचं ट्रेस३२, आणि कोडवॉरियर वापरणाऱ्यांकडे त्याचे प्रोब असायचे. पूर्वी पॅरलल पोर्टवर लावायची साधी बीडीएम केबल आणि जीडीबीचा पॅच असाही मार्ग होता, पण आता पॅरलल पोर्टवाला कॉम्प्युटर शोधण्यापासून तयारी. मला विचाराल तर कोणाकडे वापरलेलं बीडीआय२००० पडलं असेल तर ते मिळवा, फक्त घेताना त्यात एमपीसी८xx चं फर्मवेअर आहे ना ते बघून घ्या, कारण प्रत्येक प्रोसेसर फॅमिलीचं फर्मवेअर वेगळं येतं.

कंपायलरची काळजी करू नका. जीसीसी पॉवरपीसी साठी आजही बनवता येतो, सीपीयू ८६० सांगायचा आणि सॉफ्ट फ्लोट द्यायचं, कारण या कोअरमधे फ्लोटिंग पॉइंट युनिट नाही. हे विसरलं की लायब्ररीतल्या कुठल्यातरी फंक्शनमधे फ्लोटिंग पॉइंटची सूचना येते आणि थेट एक्सेप्शन.

आता बीडीएम जोडताना नेहमी अडतं अशा दोन जागा. पहिली म्हणजे हार्ड रीसेट कॉन्फिगरेशन वर्ड. रीसेटच्या वेळी चिप डेटा बसवरून हा वर्ड वाचते आणि डीबग पोर्टच्या पिना कुठे काढायच्या हे त्यात ठरतं. बोर्ड डिझाइन करणाऱ्याने तो वेगळा ठेवला असेल तर हेडर सोल्डर केलेलं असूनही प्रोब बोलणार नाही, तेव्हा आधी स्किमॅटिकमधे ते तपासा.

दुसरी वॉचडॉग, म्हणजे प्रोग्रॅम अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर. रीसेटनंतर तो चालूच असतो आणि त्याचं कंट्रोल रजिस्टर एसवायपीसीआर रीसेटनंतर एकदाच लिहिता येतं. प्रोबच्या कॉन्फिग फाइलमधे ते लिहिलं असेल तर तुमच्या बूट कोडने लिहिलेलं चिप ऐकतच नाही. त्यामुळे प्रोब लावला की बोर्ड एक वागतो, काढला की दुसरं, आणि माणूस टायमिंगचा प्रॉब्लेम समजून आठवडे घालवतो. त्याच रजिस्टरमधे एक फ्रीझ बिट आहे, तो लावलेला असला की कोअर डीबग मोडमधे थांबल्यावर वॉचडॉग पण थांबतो. प्रोबची फाइल आणि बूट कोड दोन्हीकडे तीच किंमत ठेवा.

---

खटपट्या

जुनाजाणता (जुजा), खूप आभार, रीसेट वर्ड बघतो. एका ओळखीच्यांकडे बीडीआय२००० आहे, त्यांनी द्यायचं कबूल केलंय.

बिटबाई, आयटूसीचा एरिया मॅन्युअलमधे दिलाय तोच, आयएमएमआर (चिपच्या अंतर्गत मेमरीचा सुरुवातीचा पत्ता) पासून हेक्स ३सी८०. पॅच काही नाही.

---

बिटबाई

मग तेच आहे. सविस्तर लिहिते, कारण हे एकदा नीट समजलं की या चिपमधल्या बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात.

८६० मधे खरं तर दोन प्रोसेसर आहेत. एक पॉवरपीसी कोअर, ज्याच्यावर तुमचा सी कोड चालतो. दुसरा सीपीएम मधला छोटा रिस्क प्रोसेसर, त्याचा मायक्रोकोड चिपमधेच रॉममधे आहे आणि चारही एससीसी, दोन एसएमसी, एसपीआय, आयटूसी ही सगळी कामं तोच आळीपाळीने करतो. दोघांची भेटायची जागा म्हणजे ड्युअल पोर्ट रॅम. त्या रॅमच्या शेवटच्या १ केबी मधे पॅरामीटर रॅम असते, २५६ बाइटची एक अशी चार पानं. हेक्स ३सी०० ला पहिलं पान सुरू होतं, त्यात सुरुवातीला एससीसी१ आणि हेक्स ८० पासून आयटूसी. दुसऱ्या पानात एससीसी२ आणि एसपीआय. तिसऱ्यात एससीसी३ आणि एसएमसी१, चौथ्यात एससीसी४ आणि एसएमसी२. सीपीसीआर (सीपीएमचं कमांड रजिस्टर) मधे कमांड देताना जे चॅनल नंबर वापरता ते आठवा, एससीसी१ चा ०, आयटूसीचा १, मग एकदम एससीसी२ चा ४ आणि एसपीआयचा ५. ही पानांचीच रचना आहे.

एससीसी यूआर्ट किंवा एचडीएलसी मोडमधे असेल तर त्याला पहिले १२८ बाइट पुरतात, म्हणून तुमच्या एससीसी२ चा काही त्रास नाही. पण इथरनेटला जास्त जागा लागते. हॅश टेबल, बॅकऑफ काउंटर, पुढच्या ट्रान्समिट फ्रेमची साठवलेली अवस्था असं सगळं मिळून त्याचे पॅरामीटर हेक्स ए४ पर्यंत जातात. म्हणजे ८० ते ए४ हा पट्टा इथरनेट पण वापरतो आणि आयटूसी पण. एरॅटा आणि अ‍ॅप्लिकेशन नोटांमधे हे सगळं लिहिलेलं आहे, पण आयटूसीचं प्रकरण एकटं वाचणाऱ्याला ते दिसायचं कारण नाही.

केबल काढूनही का बिघडतं ते बघा. तुमचा इथरनेट ड्रायव्हर इनिशियलाइज करताना इंडिव्हिज्युअल हॅशचे चार शब्द शून्य करतो, ते हेक्स ९४ ते ९बी वर आहेत. मग तात्पुरत्या पत्त्याचे तीन शब्द शून्य करतो, ते ९ई, ए० आणि ए२ वर. आता आयटूसीच्या बाजूने मोजा. त्याचा एरिया ८० ला सुरू होतो आणि त्याचा टीबीपीटीआर, म्हणजे चालू ट्रान्समिट डिस्क्रिप्टरचा (बफर कुठे आहे ते सांगणाऱ्या नोंदीचा) पॉइंटर, सुरुवातीपासून हेक्स २० वर असतो. ८० अधिक २०, ए०. म्हणजे इथरनेटने आपला पत्ता पुसला की आयटूसीचा पॉइंटर शून्य झाला, एकही फ्रेम न जाता.

तुम्ही आयटूसी इनिट एकदाच बूटच्या वेळी करता ना?

---

खटपट्या

हो, एकदाच! नंतर फक्त डिस्क्रिप्टर भरतो आणि स्टार्ट बिट देतो.

---

रात्रपाळी

धागा वाचतोय, जबरदस्त माहिती. बिटबाई, मग प्रत्येक वाचनाआधी आयटूसी परत इनिट केलं तर चालून जाईल का? सगळ्यात सोपं तेच वाटतंय.

---

बिटबाई

रात्रपाळी, कृपा करून हे करू नका. टेबलवर केबल काढून चालेल आणि बाहेर गेल्यावर गोंधळ घालेल. ती जागा इथरनेटची पण आहे हे लक्षात घ्या, आयटूसीने तिथे लिहिलं की इथरनेटची ट्रान्समिटची साठवलेली अवस्था, बाइट काउंट आणि हॅश बिघडणार. ८० ते ९१ मधे इथरनेट पुढच्या फ्रेमचा डेटा आणि सीआरसी ठेवतो, त्यामुळे एकामागे एक फ्रेम रांगेत असतील तेव्हाच नुकसान होईल आणि तेही कधीतरी. असा बग लॉगमधे सापडत नाही.

योग्य मार्ग तीन आहेत. एक, आयटूसी/एसपीआय रीलोकेशनचा मायक्रोकोड पॅच. मोटोरोलाने तो दिला होता आणि लिनक्सच्या ८xx च्या कोडमधे मायक्रोपॅच नावाने तो आजही आहे. त्याने आयटूसीचा पॅरामीटर एरिया उचलून ड्युअल पोर्ट रॅममधे दुसरीकडे नेता येतो. दोन, सीपीएमचं आयटूसी सोडून द्यायचं आणि त्याच दोन पिना साध्या आयओ म्हणून सॉफ्टवेअरने हलवायच्या. तीन, इथरनेट दुसऱ्या एससीसी वर न्यायचं, पण त्याला बोर्ड बदलावा लागेल, शिवाय एससीसी१ चा फिफो (डेटा क्षणभर साठवायची रांग) ३२ बाइटचा आहे आणि बाकी तिघांचा १६, म्हणून इथरनेट एससीसी१ वर असणंच बरं.

एमपीसी८६०टी असता तर त्यातला वेगळा १०० एमबीपीएसचा फास्ट इथरनेट कंट्रोलर वापरता आला असता, तो पॅरामीटर रॅमच्या वाटेला जात नाही. तुमच्याकडे टी आहे का?

---

खटपट्या

नाही हो, साधा ८६०.

फक्त तापमान वाचायचंय, तेही काही सेकंदांनी एकदा. सॉफ्टवेअर आयटूसी बरं पडेल असं वाटतंय. पण पुढे त्याच बसवर ईईप्रॉम (वीज गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी) येणार आहे असं हार्डवेअरवाले म्हणतायत. आणि आधी मला बिटबाईंनी सांगितलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. बीडीआय उद्या मिळतंय, ए० या जागेवर वॉचपॉइंट लावतो म्हणजे कोण लिहितंय ते रंगेहाथ सापडेल.

---

जुनाजाणता

लावा, पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ८६० चे हार्डवेअर वॉचपॉइंट कोअरचं लोड-स्टोअर बघतात. तुमच्या ड्रायव्हरने ए० वर शून्य लिहिलं तर पकडलं जाईल. पण सीपीएमने तिथे लिहिलं तर वॉचपॉइंटला काही कळणार नाही, कारण ते लिहिणं कोअरमधून जातच नाही. म्हणून वॉचपॉइंट लागला नाही म्हणजे कोणी लिहिलं नाही असा निष्कर्ष या चिपवर कधीही काढू नका. त्यासाठी आधीचा आणि नंतरचा मेमरी डंप घेऊन ताडून बघणं हाच उपाय.

तसंच ब्रेकपॉइंटवर कोअर थांबला तरी सीपीएम थांबत नाही. तुम्ही स्क्रीनवर व्हेरिएबल बघत बसलेले असता आणि तिकडे इथरनेट फ्रेमा घेत राहतो, रिसीव्ह रिंग भरते, मग बिझी इव्हेंट लागतो आणि तुम्ही पुढे जा म्हटल्यावर ड्रायव्हर एकदम एरर हँडलिंगमधे शिरतो. एसडीसीआर रजिस्टरमधे एसडीएमए (सीपीएमने कोअरशिवाय थेट मेमरीत वाचणं-लिहिणं) साठी फ्रीझचं सेटिंग आहे, ते वापरता येतं, पण लाइनच्या दुसऱ्या टोकाचा माणूस थोडाच थांबणार? म्हणून प्रोटोकॉलचा बग शोधताना मी ब्रेकपॉइंट शक्यतो टाळतो. मेमरीत एक छोटी रिंग ठेवायची, प्रत्येक इंटरप्टला टाइमबेस, इव्हेंट रजिस्टर आणि डिस्क्रिप्टरचं स्टेटस त्यात टाकायचं, आणि सगळं घडून गेल्यावर प्रोबने ती रिंग वाचायची.

डिस्क्रिप्टर वाचायची सवय करून घ्या, फार उपयोगी पडते. प्रत्येक डिस्क्रिप्टर ८ बाइट: १६ बिट स्टेटस, १६ बिट लांबी, ३२ बिट बफरचा पत्ता. इथरनेट रिसीव्हला रिकामा डिस्क्रिप्टर हेक्स ९००० दिसतो, एम्प्टी आणि इंटरप्ट. रिंगमधला शेवटचा बी०००, कारण त्यात रॅप बिट पण असतो. फ्रेम आली की तोच १सी०० होतो, एम्प्टी गेला आणि फर्स्ट व लास्ट आले, आणि शेजारी लांबी ००४० दिसली तर ती ६४ बाइटची सगळ्यात लहान फ्रेम, सीआरसी धरून. ट्रान्समिटला डीसी०० म्हणजे तयार आहे, पाठव. ५सी०० म्हणजे गेली. डीसी०० वरच अडकून राहिला असेल तर सीपीएमने त्याच्याकडे बघितलेलंच नाही, मग एनेबल बिट, क्लॉक आणि पिना तपासायच्या. डीसी०० जाऊन खालच्या बिटांमधे काही उमटलं असेल तर सीपीएमने प्रयत्न केलाय आणि कारणही लिहून ठेवलंय. एवढ्या चार आकड्यांवरून अर्धं निदान होतं.

---

रात्रपाळी

जुजा, हे वाचून माझा एक जुना प्रश्न विचारतो, याच चिपवर आहे. एसएमसी वरचा कन्सोल, टाइप केलेलं अक्षर लगेच येत नाही, बरीच अक्षरं झाली की एकदम येतात. इंटरप्ट एनेबल आहे, बॉड रेट बरोबर आहे.

---

जुनाजाणता

मॅक्स आयडल शून्य असणार. तो पॅरामीटर शून्य ठेवला की आयडल मोजणं बंद होतं आणि बफर पूर्ण भरल्याशिवाय (म्हणजे एमआरबीएलआर इतके बाइट आल्याशिवाय) सीपीएम तो बंद करत नाही. १ करून बघा, एका कॅरेक्टरएवढी शांतता गेली की बफर तुमच्या हातात. एमआरबीएलआर १ करणारेही लोक आहेत, पण मग प्रत्येक अक्षराला इंटरप्ट आणि सीपीएम घेण्याचा अर्थच गेला.

---

रात्रपाळी

शून्यच होता! चाललं. आभारी आहे.

---

सायफन

मी बहुतेक वाचनमात्र असतो पण हा धागा बघून राहवलं नाही. मी ६८३०२ पासून या घराण्यावर काम केलंय. १९८९ ची ती चिप, ६८००० कोअर आणि तीन एससीसी, ड्युअल पोर्ट रॅम ११५२ बाइट. नंतर ६८३६०, तो क्विक, त्यात सीपीयू३२+ कोअर आणि चार एससीसी. मग पॉवरपीसी कोअर लावून ८६०, पॉवरक्विक. डिस्क्रिप्टरची ती ८ बाइटची रचना पहिल्यापासून तीच राहिली, म्हणून ३०२ चा ड्रायव्हर लिहिलेला माणूस ८६० वर आला तरी त्याला परकं वाटत नाही. २००४ मधे मोटोरोलाचा सेमीकंडक्टर विभाग फ्रीस्केल झाला, २०१५ मधे फ्रीस्केल एनएक्सपी मधे गेली, तरी या रचनेवर लिहिलेला कोड अजून जागोजागी चालतोय. यू-बूट वापरणाऱ्यांनाही सांगतो, त्याचं मूळ ८xxरॉम नावाच्या बूटलोडरमधे, तिथून पीपीसीबूट आणि २००२ मधे यू-बूट. आज एआरएम बोर्डवर बूट होताना जे दिसतं त्याची सुरुवात या प्रोसेसरवर झालेली आहे, मला याचा फार अभिमान वाटतो.

खटपट्यांसाठी कामाच्या दोन गोष्टी. ८६० च्या कॅशला स्नूपिंग नाही. एसडीएमए ने बाहेरच्या मेमरीत फ्रेम लिहिली तरी डेटा कॅशमधे जुनंच राहतं. बफर कॅशबाहेर ठेवा नाहीतर रिसीव्हच्या वेळी इनव्हॅलिडेट आणि ट्रान्समिटच्या आधी फ्लश करा. कॅश लाइन १६ बाइटची आहे, तेव्हा बफर १६ वर अलाइन करा आणि शेवटही १६ च्या पटीत ठेवा, नाहीतर शेजारचं व्हेरिएबल त्याच लाइनमधे बसतं आणि इनव्हॅलिडेट करताना त्याची नुकतीच लिहिलेली किंमत उडते.

आणि इव्हेंट रजिस्टरमधे १ लिहिलं की बिट क्लिअर होतं हे लक्षात ठेवा. वाचून ऑर करून परत लिहिण्याची सवय हाताला असते, तसं केलं की लागलेले सगळेच इव्हेंट पुसले जातात आणि मग इंटरप्ट हरवला म्हणून शोधाशोध.

---

खटपट्या

सायफन, वा! कॅशचा मुद्दा आमच्या कोडमधे बघितला, बफर कॅशबाहेरच्या पानात आहेत.

बीडीआय लागलं. रीसेट वर्ड ठीक होता, हेडर लगेच बोललं. आता बघितलेलं सांगतो. आयटूसी इनिट झाल्यावर ३सी८० पासून डंप घेतला, आरबेस, टीबेस (डिस्क्रिप्टर कुठे सुरू होतात ते पत्ते) माझे, ३सीए० वर टीबीपीटीआर टीबेस एवढाच. मग ३सीए० वर वॉचपॉइंट लावून पुढे जाऊ दिलं. थांबला तो थेट इथरनेट इनिटच्या आत, तात्पुरता पत्ता शून्य करणाऱ्या ओळीवर. बिटबाईंनी मोजून सांगितलेलं अक्षरशः तसंच.

मग जुजांनी सांगितलं ते पण करून बघितलं. वॉचपॉइंट ३सी८० वर हलवला, केबल लावली, ट्रॅफिक सोडलं आणि थोड्या वेळाने हाताने थांबवलं. वॉचपॉइंट लागलाच नाही, पण डंपमधे आरबेस आणि टीबेसच्या जागी भलतंच काहीतरी होतं. म्हणजे तिथे सीपीएमने लिहिलं आणि कोअरला पत्ताच नाही. हे प्रत्यक्ष बघितल्यावर दोन प्रोसेसर आहेत म्हणजे काय ते खरं कळलं.

आता पॅच की सॉफ्टवेअर? ईईप्रॉम येणार हे नक्की झालंय, पण तोही बूटच्या वेळी वाचायचा आणि क्वचित लिहायचा.

---

बिटबाई

एवढ्याच कामासाठी मी सॉफ्टवेअर आयटूसी घेईन. एससीएल पोर्ट बी च्या पीबी२६ या पिनवर आणि एसडीए (डेटा लाइन) पीबी२७ वर आहे, दोन्ही ओपन ड्रेन करा. मास्क बनवताना पॉवरपीसीची बिट मोजणी ध्यानात ठेवा, बिट ० सगळ्यात वरचा आणि ३१ सगळ्यात खालचा, म्हणजे पीबी२६ चा मास्क हेक्स २० आणि पीबी२७ चा १०. पोर्ट बी च्या डेटा रजिस्टरवर वाचून-बदलून-लिहिण्याच्या वेळी इंटरप्ट बंद ठेवा, त्याच पोर्टच्या दुसऱ्या पिना दुसरा ड्रायव्हर हलवत असेल तर भांडण होईल. वेग टाइमबेसवरून मोजा, रिकाम्या लूपवरून मोजू नका, कॅश चालू केली की तो लूप एकदम पळायला लागतो.

पॅच घ्यायची वेळ आली तर क्रम असा: आधी आरसीसीआर (सीपीएमचं कॉन्फिगरेशन रजिस्टर) शून्य, मग मायक्रोकोडचे तुकडे ड्युअल पोर्ट रॅममधे त्यांच्या ठरलेल्या जागी कॉपी, मग ट्रॅप रजिस्टर, शेवटी आरसीसीआर मधे रॅममधला मायक्रोकोड एनेबल. हे सगळं कुठलाही चॅनल चालू करायच्या आधी. पॅच ड्युअल पोर्ट रॅमची सुरुवात व्यापतो आणि बरेच ड्रायव्हर डिस्क्रिप्टर नेमके तिथूनच वाटायला सुरुवात करतात, त्यामुळे तुमचा वाटप करणारा कोड आधी बदलावा लागेल. पॅच सिलिकॉनच्या मास्कशी जुळणारा हवा, आयएमएमआर चे खालचे १६ बिट वाचलेत की पार्ट आणि मास्क नंबर मिळतो.

---

खटपट्या

सॉफ्टवेअर आयटूसी लिहून झालं. इथरनेट भरपूर फ्रेमा ढकलत असताना, एचडीएलसी चालू, कन्सोल चालू, आणि तापमान दर वेळी बरोबर येतंय. ३सी८० च्या पट्ट्यात आता फक्त इथरनेट आहे.

जाता जाता एक विचारतो. पुढच्या आवृत्तीत एससीसी३ वर दुसरं इथरनेट टाकायचा हार्डवेअरवाल्यांचा विचार आहे. कन्सोल एसएमसी१ वर आहे.

---

बिटबाई

त्यांना आजच थांबवा, बोर्ड जायच्या आधी! एससीसी३ आणि एसएमसी१ एकाच पानात आहेत, हीच गोष्ट परत होईल आणि या वेळी कन्सोलच जाईल. एसएमसी२ मोकळा असेल तर कन्सोल त्याच्यावर न्या, मग एससीसी४ वर इथरनेट ठेवायचं नाही एवढं पाळा.

---

जुनाजाणता

आणि एकाच सीपीएम वर दोन इथरनेट आणि वर ई१ चं एचडीएलसी म्हणजे आता लोडची बेरीज खरोखर करावी लागेल. मॅन्युअलच्या शेवटी परफॉर्मन्सचं टेबल आहे, प्रत्येक प्रोटोकॉल त्या क्लॉकला सीपीएमचा किती हिस्सा खातो ते काढा आणि मिळवा. १०० टक्क्यांच्या जवळ गेलं तर अंडररन (पाठवायचा डेटा वेळेत न पोचणं) पहिल्यांदा १६ बाइट फिफोवाल्या एससीसी२ आणि एससीसी३ वर दिसतील. आधी जीएसएमआर (एससीसीचं मोड रजिस्टर) मधलं अंतर्गत लूपबॅक लावून चारही बाजूंनी ट्रॅफिक सोडून बघा, केबल किंवा समोरची बाजू लागत नाही, आताच्या बोर्डवरच होईल.

---

खटपट्या

एसएमसी२ मोकळा आहे, हार्डवेअरवाल्यांना कळवलं, स्किमॅटिक बदलतायत. लूपबॅकची चाचणी लावतो आणि अंडररनचे आकडे इथेच टाकतो.